झील कुठं गेली? नव्या अल्बमवर मत देण्याविषयी

परभणीच्या एका तरुणाने प्रश्न विचारलाय. थोडक्यात असा: आम्ही सात-आठ मित्र. नवा अल्बम आला की रात्रीतून ऐकून काढतो आणि सकाळी चहाच्या गाड्यावर वाद घालतो. एक म्हणतो सगळं ऑटोट्यून आहे, दुसरा म्हणतो याचं पहिल्यासारखं राहिलं नाही, तिसरा म्हणतो आवाजच दाबलाय. मागच्या महिन्यात एका अल्बमला मी भंगार म्हणालो आणि आता तोच रोज ऐकतोय, त्यावरून टिंगल होते ती वेगळीच. आमच्यातल्या कुणालाच संगीतातलं कळत नाही. मग नव्या अल्बमवर मत द्यावं का, आणि द्यायचं तर कधी आणि कसं?

मत जरूर द्या. संगीतातलं कळत नाही ही अडचण नाहीच. मी अकरा वर्षं कॅसेटच्या दुकानात काढली, गाणी भरून द्यायचं काम करायचो. मग लातुरात दोन खोल्यांचा स्टुडिओ टाकला, तो अजून चालू आहे. देवीची आराधी गाणी, भीमगीतं, भारुडं, मधूनच एखाद्या हौशी गवयाचा भावगीतांचा अल्बम, असलं काम. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. ऐकणाऱ्याला दुखतंय कुठं हे बरोबर कळतं, पण कशानं दुखतंय हे सांगायला गेला की तो बहुतेक वेळा चुकतो. तुमच्या गाड्यावरची भांडणं निदानावरून होत असणार. दुखण्यावर तुमचं सगळ्यांचं एकमतच असेल.

एक किस्सा सांगतो. त्यात चूक माझी होती.

काही वर्षांपूर्वी नवरात्राच्या तोंडावर आराधी गाण्यांचा एक अल्बम केला. मुख्य गायिका, मागे पाच बायांची झील म्हणजे मागून सूर धरणारी साथ, शिवाय संबळ, तुणतुणं आणि झांज. माझ्या मोठ्या स्पीकरवर मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र बसवलेलं गाणं, असं काही उघडलं होतं की मीच खूश. झील तर जणू दोन्ही भिंतींच्या पलीकडून येत होती. घटस्थापनेच्या आठ दिवस आधी अल्बम बाहेर पडला आणि तिसऱ्या दिवशी झीलेतल्या एक आजी तुळजापूरकडच्या गावाहून एसटीने थेट स्टुडिओत. पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या. "दादा, आमची झील कुठं गेली ओ? पाची जणी घसा फोडून गायलाव आन ऐकूच येईना की. काढून टाकलं का काय आमाला?"

मला वाटलं मानापमानाचं प्रकरण आहे. मुख्य गायिकेचं नाव मोठ्या अक्षरांत होतं, झीलेतल्या बायांची नावं कुठंच नव्हती, त्याचा राग असणार. मी स्पीकरवर गाणं लावलं आणि म्हटलं, ही बघा झील, केवढी मोठी ठेवलीय. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग पिशवीतून नातवाचा मोबाईल काढून माझ्यासमोर धरला. तेच गाणं. गायिका स्वच्छ, संबळ आहे, तुणतुणं आहे, आणि झीलेच्या जागी विहिरीच्या तळातून यावी तशी नुसती कुजबुज.

झालं होतं ते असं. झील रुंद वाटावी म्हणून मी एक खुबी वापरली होती. तिचा आवाज दोन्ही स्पीकरना दिला, पण एका बाजूची लाट उलटी करून. डावीकडचा पडदा पुढे येतो तेव्हा उजवीकडचा मागे जातो, कानाला ते खूप पसरट वाटतं. पण नातवाच्या मोबाईलला स्पीकर एकच होता. त्यात डावं-उजवं एकत्र होतं, आणि वर जाणारी लाट खाली जाणाऱ्या लाटेत मिसळली की हिशेब शून्य. मुख्य गायिका मधोमध होती, दोन्हीकडे सारखी, म्हणून तिला काही झालं नाही. पाच बाया मात्र एकमेकींत विरघळून गेल्या.

आजींचं निदान चुकलं होतं, त्यांना कुणी काढून टाकलं नव्हतं. पण झील गेली होती हे शंभर टक्के खरं, आणि कानावर पोट भरणाऱ्या मला ते समजलं नव्हतं. आता कुठलंही मिक्स बंद करण्याआधी टेबलावर एक बारका मोबाईल ठेवून त्यावर ऐकतो.

त्या आल्या आणि "रेकॉर्डिंग भंगार आहे" एवढंच म्हणाल्या असत्या, तर मी मान हलवून त्यांना वाटेला लावलं असतं. "झील ऐकू येईना" म्हणाल्या म्हणून पाच मिनिटांत चूक सापडली. मत म्हणजे मला हे वाटतं. काय होतंय आणि गाण्यात कुठं होतंय. का होतंय हे जमलं तर सांगा, नाही जमलं तरी चालतं.

दुकानातही हेच रोज चालायचं. नव्या कॅसेटचं खोकं आलं की गिऱ्हाईक म्हणायचं, लावून दाखवा. आमच्या डेकवर पहिलं गाणं ऐकून खूश होऊन न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत: "गायकाचा गळा बसलाय हो याच्यात." गळ्याचा काही संबंध नसायचा. कॅसेटची फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते, त्यात दोन्ही बाजूंचे मिळून चार पट्टे, आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास सरकते. टेपमधलं फीत वाचणारं हेड केसभर जरी तिरकं झालं किंवा त्याच्यावर तपकिरी राप चढला की आधी वरचे, बारीक स्वर जातात. झांज मिटते, 'स' आणि 'श' मिटतात आणि गाणारा पडशानं गातोय असं वाटतं. मी सांगायचो, कॅसेट ठेवा आणि टेप घेऊन या. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन हेड पुसलं की बहुतेकांचं काम व्हायचं, उरलेल्यांचं हेडजवळचा बारका स्क्रू पाव फेरा फिरवून.

पण एकदा सगळं खोकंच दबकं निघालं. पहिल्या गिऱ्हाइकाला मी नेहमीप्रमाणे हेड पुसायला सांगितलं, दुसऱ्यालाही. पण वेगवेगळ्या सात गावांचे सात जण, सात वेगळ्या टेपांवर ऐकून तेच सांगायला लागले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कंपनीनं प्रती काढतानाच घाण केली होती. आम्ही कळवलं, तर उत्तर आलं की तुमच्या भागातले टेप जुने आहेत. माल परत घेतला नाही, नुकसान मालकाच्या अंगावर. तरी त्यातून मी एक शिकलो आणि ते तुमच्या ग्रुपला लागू पडतं. तुम्ही आठ जण एकाच ब्लूटूथ स्पीकरवर एकत्र ऐकत असाल तर ती आठ मतं नाहीत. ते एकच मत आहे, आठ तोंडांनी बोललेलं. एकाने हेडफोनवर, एकाने कारमध्ये, एकाने साध्या मोबाईलवर ऐकावं, आणि तरी सगळ्यांना दुसऱ्या कडव्यात शब्द कळत नसतील, तर मग तो दोष अल्बमचा.

आता तुमच्या गाड्यावरच्या आरोपांकडे येतो. पहिला ऑटोट्यूनचा. त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण या एका शब्दाखाली हल्ली लोक काहीही घालतात.

ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ साली आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधण्यासाठी जमिनीखालून परतणाऱ्या लहरींचं गणित करायचे, तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. १९९८ मध्ये शेर या गायिकेच्या एका गाण्यात ते मुद्दाम टोकाला नेऊन वापरलं गेलं आणि तो यंत्रमानवासारखा आवाज जगभर गेला. पण रोजच्या कामात आम्ही ते तसं वापरत नाही. त्यात एक वेग ठरवता येतो, चुकलेला स्वर किती झटकन जागेवर आणायचा याचा. तो हळू ठेवला तर जाणत्यालाही कळत नाही. काटा शून्यावर, म्हणजे सगळ्यात झटपट, आणला तर मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड राहत नाही, उताराच्या जागी पायऱ्या होतात. हल्ली बाजारात येणाऱ्या बहुतेक गाण्यांत थोडंफार सुरांचं दुरुस्तीकाम असतंच. त्यामुळे "ऑटोट्यून आहे" हे मत म्हणून फारसं उपयोगाचं नाही. गाडीला चाकं आहेत म्हटल्यासारखं आहे ते.

तुमच्या मित्राला खरं तर गाणं निर्जीव वाटतंय, आणि ते वाटणं खोटं नाही. त्याची कारणं तीन असू शकतात. एक, सूर फार करकचून ओढलेत. दोन, ठेका संगणकाने मोजून बसवलाय, ढोलकी जिथं किंचित मागे रेलते तिथंही तिला रेघेवर आणलंय. आणि तिसरं, जे मला सगळ्यात जास्त आढळतं: धृपद एकदाच गाऊन घेतलंय आणि तेच चार ठिकाणी चिकटवलंय. हे तुम्हाला घरबसल्या तपासता येतं. धृपदाच्या आधी गायक श्वास घेतो, तो ऐका. पहिल्या वेळी जसा आहे, तसाच्या तसा दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी, त्याच जागी, त्याच लांबीचा असेल, तर ते चिकटवलेलं आहे. माणूस दोनदा सारखा श्वास घेत नाही. आराधी गाण्यात तर हे फार टोचतं, कारण तिथं प्रत्येक फेरीला झील चढत जायची असते. शेवटच्या फेरीला बाया घुमायला लागतात ते काय पहिल्याच फेरीच्या नकलेवर?

सुरांच्या दुरुस्तीत आणखी एक बारकी भानगड आहे. सॉफ्टवेअर जे बारा स्वर धरतं ते हार्मोनियमसारखे, प्रत्येकात सारखं अंतर. सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप; शंभर सेंटला एक पायरी, त्यामुळे शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर. तंबोऱ्याशी जुळून गाणाऱ्याचा गंधार ३८६ च्या आसपास लागतो. चौदा सेंट म्हणजे काही फार नाही, पण ज्याने लहानपणापासून तुणतुण्यावर देवीची गाणी ऐकलीत त्याच्या कानाला काहीतरी टोचतं. तो बिचारा म्हणतो, गायिका बेसूर आहे. ती सुरातच होती, आम्ही तिला 'सुधारलं'.

दुसरा आरोप, आवाज दाबल्याचा. हा बऱ्याचदा खरा असतो. गाण्यातले मोठे आवाज खाली दाबायचे आणि मग सगळं वर उचलायचं, म्हणजे गाणं पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारख्याच जोरात ओरडतं. शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं मोठं वाजावं ही त्यामागची हाव. सप्टेंबर २००८ मध्ये मेटॅलिका या अमेरिकी बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' आला तेव्हा चाहत्यांनीच हे पकडलं. तीच गाणी गिटार हीरो या व्हिडिओ गेममध्येही होती आणि गेममधली कमी दाबलेली, मोकळी ऐकू येत होती. दोन्ही शेजारी ठेवून लोकांनी फरक दाखवला, अल्बम पुन्हा नीट करा म्हणून हजारोंनी सह्या केल्या. बऱ्याच जणांनी खापर मास्टरिंगवर, म्हणजे तयार मिक्सवर फिरवलेल्या शेवटच्या हातावर, फोडलं. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सन यांनी मात्र एका चाहत्याला कळवलं, की त्यांच्याकडे आलं तेव्हाच ते मिक्स चेपलेलं होतं. तुळजापूरकडच्या आजी आणि अमेरिकेतले मेटलवाले, दोघांची जातकुळी एकच. दुखणं अचूक, निदान एक पायरी चुकलेलं.

दोन अल्बमांची तुलना करताना एक पथ्य पाळा: दोन्ही सारख्याच आवाजात ऐका. तेच गाणं थोडं मोठं केलं की माणसाला ते जास्त चांगलं वाटतं, खर्ज भरलेला वाटतो, झांज चमकते. दुकानात आम्ही ही लबाडी सर्रास करायचो, नवी कॅसेट दाखवताना व्हॉल्यूमचं बटण जरासं पुढं. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण एकाच पातळीवर आणून ठेवतं, उणे १४ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं माप). ती सोय सेटिंगमध्ये बंद केली असेल तर तुलनेपुरती चालू करा. दाबलेलं गाणं मग मोठं वाजत नाही, नुसतंच सपाट वाजतं, आणि खरं काय ते कळतं.

कशावर ऐकलं हे सांगितल्याशिवाय तर मत देऊच नका. मोबाईलच्या बारक्या स्पीकरला खालचे सूर झेपत नाहीत. डग्ग्याचा घुमारा, संबळाच्या मोठ्या अंगाचा दणका त्यात येतच नाही, येते ती फक्त काडीची टकटक. मग लोक म्हणतात ठेका पातळ आहे. उलट डीजेच्या भिंतीपुढे तेच गाणं ऐकलेला म्हणतो, ठेका काय जबर आहे, शब्द मात्र कळले नाहीत. आणि आमच्याकडे तिसरा एक ऐकणारा आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांकडे निघतात, ट्रॅक्टरवर स्पीकर बांधलेला असतो. ट्रॅक्टरचं इंजिन खालच्या सुरात घरघरतं आणि गाण्याचा खर्ज गिळून टाकतं. तिथं टिकतं ते तुणतुणं, झांज आणि बाईचा वरच्या पट्टीतला आवाज. शहरातला कुणी हेच गाणं हेडफोनवर ऐकून म्हणतो, किती कर्कश केलंय. त्याच्यासाठी ते कर्कश आहेच. पण ते ट्रॅक्टरसाठी बेतलेलं आहे, आणि हे कळलं की मत बदलत नाही, पण त्यातला तुच्छपणा जातो.

आता "पहिल्यासारखं राहिलं नाही" आणि तुमचं भंगार, दोन्ही एकत्र घेतो, कारण मूळ एकच आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोग करून दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती जास्त आवडायला लागते. जुना अल्बम तुम्ही दोनशे वेळा ऐकलाय, नवा दोनदा. सामना बरोबरीचा नाहीच. शिवाय जुन्यातली पडेल गाणी विसरलीत. दुकानात परत भरायला आलेल्या कॅसेटींवरून मला हे दिसायचं. आठ गाण्यांची कॅसेट, पण मागे-पुढे करून फीत चुरगळलेली असायची ती एक-दोन गाण्यांच्याच जागी. उरलेली सहा कोरी करकरीत. लोक म्हणायचे, काय कॅसेट होती ती! होती ती दोन गाणी.

तेव्हा मागच्या महिन्यातलं भंगार आज आवडतंय यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त एक तपासा. आवडायला लागलं ते गाण्यात नवं काही सापडलं म्हणून, की नुसतं कानावर पडून पडून? दुसऱ्या कडव्याच्या मागे बासरी आहे हे पाचव्यांदा ऐकताना लक्षात आलं असेल, तर तुमचं मत सुधारलं. काहीच सांगता येत नसेल तर सवय झाली, त्यालाही हरकत नाही, पण त्यावरून मित्राशी भांडू नका.

पहिल्या दिवशी मत द्यावं की थांबावं, याला माझ्याकडे एकच उत्तर नाही. जगभर नवे अल्बम शुक्रवारी यायला लागले ते जुलै २०१५ पासून, त्याआधी प्रत्येक देशाचा वार वेगळा होता. आपल्या मराठवाड्याचं पंचांग याहून निराळं. आराधी गाणी घटस्थापनेच्या आधी येतात, भीमगीतं १४ एप्रिलच्या आधी आणि १४ जानेवारीला. १९९४ मध्ये त्या तारखेला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, आणि दरवर्षी त्या दिवशी संभाजीनगरात विद्यापीठाच्या गेटवर पुस्तकं, कॅलेंडरं, गाण्यांच्या सीड्या यांचे स्टॉल लागतात. ही गाणी ऐकायची म्हणून कुणी रात्री कानाला हेडफोन लावून बसत नाही. ती गर्दीत, जागरणात, चालताना कानावर येतात. आराधी गाण्याचं मत नवव्या माळेला बनतं. पहिल्या माळेला जे गाजतं ते बरेचदा पाचव्या माळेपर्यंत दमतं, आणि कुणाच्या लक्षात न आलेलं एखादं संथ गाणं शेवटच्या रात्री बाया पुन्हा पुन्हा मागतात. म्हणून तालावरच्या गाण्याबद्दल पहिल्या दिवशी बोला, त्यात अंग काय म्हणतं ते लगेच कळतं. शब्दांच्या गाण्याला आठवडा द्या.

एक सूचना मात्र सगळ्यांसाठी. पहिल्यांदा ऐकताना शफल बंद ठेवा. गाण्यांचा क्रम हे बनवणाऱ्याचं काम असतं, रात्र रात्र त्यावर डोकं घातलेलं असतं. अॅडेल या गायिकेने आग्रह धरला म्हणून स्पॉटिफायने नोव्हेंबर २०२१ मध्ये अल्बमच्या पानावरचं मुख्य बटण शफलवरून काढून क्रमाने वाजवण्याचं केलं. आमच्याकडे पहिलं गाणं नमनाचं आणि शेवटी आरती. उलटं वाजलं तर भटजींनी आधी दक्षिणा मागितल्यासारखं होतं.

नमनावरून आठवलं. हल्ली एक तक्रार वारंवार ऐकतो, "गाणं लगेचच सुरू होतंय, देवीला हाकच नाही." हे निरीक्षण अगदी बरोबर आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते एकदा ऐकलं म्हणून मोजलं जातं. मग निर्माता मागे लागतो, धृपद पुढं आणा, आलाप कापा. तबकडीच्या काळीही एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मिळायची आणि गवयांना आवरतं घ्यावं लागायचंच, त्यामुळे कात्री नवी नाही. पण तेव्हा शेपूट कापायचे, आता डोकं कापतात. ही तक्रार तुम्ही मोठ्यानं करा. मी केली तर निर्माता म्हणतो, तुम्ही जुने लोक.

लक्षण बरोबर, निदान चूक, हा माझा ठोकताळा एका ठिकाणी मात्र साफ मोडतो, आणि ते म्हणजे शब्द. भीमगीतांचे श्रोते शब्दांच्या बाबतीत कुणाला सोडत नाहीत. एका अल्बममध्ये कवीने चवदार तळ्याच्या कडव्यात साल घातलं तीसचं. गायकाने गायलं, मी रेकॉर्ड केलं, कुणाच्या डोक्यात आलं नाही. हजार सीड्या छापून गेटवर गेल्या. दुपारी एक निवृत्त मास्तर स्टॉलवर आले, सीडी पुढं केली आणि म्हणाले, "महाड वीस मार्च सत्तावीस. तीस साली काळाराम मंदिर, नाशिकला. लेकरं पाठ करतात हे गाणं." दुखणंही त्यांचंच, निदानही त्यांचंच आणि औषधही. ती एक ओळ पुन्हा गाऊन घेतली, छापलेल्या सीड्या मात्र गेल्या त्या गेल्याच. तेव्हा शब्दांवर मत द्यायला अजिबात कचरू नका. आपल्या भाषेत काय म्हटलंय हे कळायला सरगम लागत नाही. पुण्या-मुंबईच्या गीतकाराने मराठवाडी बोली घालायची म्हणून कुठल्याही शब्दाला 'लाव' चिकटवलेलं असतं, ते तुम्हाला जितकं खटकेल तितकं दुसऱ्या कुणाला खटकणार नाही.

ओळखीतल्या कुणाचा अल्बम असेल तर काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण परभणीत राहता म्हणजे ती वेळ येणारच. प्रत्येकाचा एक तरी मावसभाऊ गाणं करतोय. चार लोकांत वा वा करू नका आणि चार लोकांत चुकाही काढू नका. गाणं चढवायच्या आधी त्याने ऐकवलं तर एकट्याला सगळं सांगा. चढवून झाल्यावर फक्त आवडलेली जागा सांगा. यूट्यूबवर एकदा चढवलेल्या व्हिडिओतला आवाज बदलून नवा घालता येत नाही. सगळं पुन्हा चढवावं लागतं आणि आधीचे आकडे जातात. मग दुरुस्ती सांगून त्या पोराला फक्त रात्रभर जागवाल. आणि आकड्यांवरून मत बनवू नका, त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

उद्या गाड्यावर बसाल तेव्हा एवढं करून बघा. प्रत्येकाने मिनिट आणि सेकंद सांगायचं. "दोन मिनिटं दहा सेकंदाला ढोलकी मागे गेली आणि मला गाणं सोडावंसं वाटलं." मग बाकीच्यांनी मोबाईल काढून तीच जागा ऐकायची. पाच जणांना पाच गोष्टी ऐकू येतील, त्यावर खुशाल भांडा, ते भांडण चांगलं. कोण बरोबर हे ठरेलच असं नाही, पण चहा थंड होईपर्यंत तेच दहा सेकंद वीस वेळा वाजतील.

त्या आजींच्या अल्बमचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. झील मधे आणली, मिक्स पुन्हा केलं, निर्मात्याच्या शिव्या खाऊन गाणी नव्याने चढवली. खंडेनवमीला आजींचा फोन आला. पाचीच्या पाची ऐकू येतात म्हणाल्या, बरं वाटलं म्हणाल्या. आणि मग: "पर दुसऱ्या गाण्यात तुणतुण्याची तार उतरलीय बघा. कुणी बघितलं न्हाई का?"

मी रेकॉर्डिंग उघडलं. तार जिथं लावली होती तिथंच होती, केसभरही हललेली नव्हती. गायिकेचा आणि झीलेचा सूर मी संगणकाच्या षड्जावर वर ओढून बसवला होता, आणि तुणतुणं बिचारं बायांच्या मूळ गळ्यालाच धरून वाजत होतं.